पौर्णिमेची आमटी

द्वारकाने डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, तोच पंक्चरच्या दुकानाच्या आडोशातून एक कुत्रा उठला. अंग झाडून, शेपटी हलवत तो सरळ तिच्याकडे आला. तिच्याकडे म्हणणं चूक, पिशवीकडे आला.

तिची लेक दर्शना डबा घरीच विसरून गेली होती. नगर रोडवर कंपनीची बस थांबते तिथवर द्वारका धावतपळत आली होती, आणि बस तिच्या डोळ्यांदेखत खराडीच्या दिशेने निघून गेली होती. आता धाप जिरेपर्यंत ती तिथेच उभी होती.

"हाड," ती कुत्र्याला म्हणाली.

कुत्रा हटला नाही. उलट समोर नीट मांडी ठोकल्यासारखा बसला आणि पंगतीतल्या पाहुण्यासारखी वाट बघू लागला. तपकिरी रंगाचा, एका कानाला चीर गेलेला, आणि भलताच गुटगुटीत. रस्त्यावरचं कुत्रं इतकं खाल्लेलं तिने आजवर पाहिलं नव्हतं.

पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता हसला. "त्याची जेवायची वेळ झाली ना मावशी. ताई नाही आल्या आज?"

"कोण ताई?"

"ह्याच डब्यावाल्या. बसमध्ये चढायच्या आधी सगळा डबा रिकामा करतात इथं. पोळी, भाजी, भात. अगोदर किती हडकुळा होता हा, विचारू नका. आता बघा, नगरसेवक झालाय."

द्वारकाही हसली, कारण समोरचा माणूस हसत होता. मग तिने पिशवी पोटाशी धरली आणि घराची वाट धरली. कुत्रा कोपऱ्यापर्यंत तिच्या मागे आला आणि तिथे, काहीतरी चुकतंय असं वाटल्यासारखा, थांबला.

तिच्या घरात पौर्णिमेची एक रीत होती. गेली वीसेक वर्षं द्वारका दर पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे बौद्ध उपासकांचे आठ नियम, पाळायची. पांढरी साडी नेसून सकाळी विहारात जायचं, दुपारी बाराच्या आत जेवून घ्यायचं, आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. नवरा उत्तरेश्वर टपाल खात्यात होता. त्याला धम्म मान्य होता, पण रात्रीची भाकरी त्याहून जास्त मान्य होती. त्यामुळे पौर्णिमेच्या संध्याकाळीही गॅस पेटायचाच. बार्शीकडची येसूर आमटी, भाजलेल्या डाळी-धान्याच्या मसालेदार पिठाची, ही त्याची आवड. द्वारकाला मात्र ती चाखता यायची नाही. मग लहानग्या दर्शनाला हाक जायची, "मीठ बघ गं." पोर ओट्याशी टाचा उंच करून उभी राहायची, पळीत करंगळी बुडवायची, डोळे मिटून जिभेवर जोखायची आणि न्यायाधीशाच्या थाटात सांगायची, "चिमूटभर कमी." शाळेच्या दाखल्यावर ती प्रियदर्शनी होती, पुढे इंजिनिअर झाली, बापापेक्षा जास्त पगार आणू लागली, तरी पौर्णिमेचं मीठ बघायचं काम तिच्याकडेच राहिलं.

या वर्षी आषाढातल्या पौर्णिमेला, वर्षावास, म्हणजे भंतेंचा पावसाळ्यातला मुक्काम, सुरू होताना, तीच म्हणाली, "मम्मी, मीपण अष्टशील घेणार. एक दिवस नाही. पूर्ण तीन महिने, रोज."

द्वारकाला झालेला आनंद सांगून सोय नाही. खराडीच्या काचेच्या इमारतीत दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारी पोर, आणि तिला हे सुचावं! विहारातल्या सुशीलाबाई, महिला मंडळाच्या अध्यक्ष, ज्या कौतुक करायचं तर पदरचं जातं अशा बेताने बोलायच्या, त्याही म्हणाल्या, "आमच्याकडच्या पोरींना वडापाव सुटेना. हिचं बघा." द्वारकाने ते अंगणवाडीत सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, बार्शीला नणंदेला फोन लावून सांगितलं. पोर अंगाने उतरू लागली तेव्हा बायका म्हणाल्या, चेहऱ्यावर काय तेज आलंय. द्वारकालाही तेव्हा तेजच दिसलं.

नुकसान झालं ते एकट्या उत्तरेश्वरचं. मीठ बघणारं आता घरात कुणी उरलं नव्हतं. आषाढातली आमटी खारट झाली, श्रावणातली अळणी. "पौर्णिमेला मलाही परीक्षेला बसवतात," तो म्हणायचा आणि पान पुसून जेवायचा.

आणि आता हा कुत्रा. म्हणजे पोर रात्री जेवत नव्हती ती शीलासाठी, आणि दुपारी जेवत नव्हती ती कुत्र्यासाठी. सकाळी तर ती नुसती काळी कॉफी पिऊन जायची. मग जेवत कधी होती?

द्वारका अंगणवाडीत सेविका होती. त्या दिवशी वस्तीतल्या मुलांची वजनं करायची होती. काट्याला टांगलेल्या झोळीत एकेक पोर बसवायचं, रडलं तर गोंजारायचं, काट्याकडे बघायचं. इतक्या वर्षांत काट्याआधी तिचा हातच सांगायचा. पोराचा दंड धरला आणि अंगठा-बोट एकमेकांना सहज टेकलं की ती त्याच्या आईला बोलावून घ्यायची. केसांचा रंग उडालेला तिला लांबून दिसायचा. हे सगळं तिला दुसऱ्यांच्या पोरांचं दिसायचं.

संध्याकाळी दर्शना घरी आली तेव्हा भाद्रपदातल्या उकाड्यात तिच्या अंगात स्वेटर होता. कंपनीतल्या एसीने थंडी वाजते म्हणायची. गेले कित्येक दिवस म्हणायची.

"डबा विसरलीस," द्वारका म्हणाली.

"हो ना. कँटीनला खाल्लं मग."

"कुत्रा उपाशी राहिला."

दर्शना बुटाची पट्टी काढायला वाकली होती, ती वाकलेलीच राहिली. मग सावकाश म्हणाली, "मरायला टेकला होता गं तो. दया नाही का करायची?"

"कर की. त्याला वेगळी भाकरी बांधून देते उद्यापासून."

बोलता बोलता द्वारकाने स्वेटरवरूनच तिचा दंड धरला. अंगठा-बोट टेकलं. स्वेटर जाड होता तरी टेकलं. दर्शनाने हात सोडवून घेतला आणि आत जाऊन कडी लावली.

दुसऱ्या दिवसापासून द्वारकाने दोन पुड्या बांधल्या, एक पोरीची आणि एक कुत्र्याची. दोन्ही कुणी खाल्ल्या हे विचारायला नको. मग तिने कणकेत तूप मळून पाहिलं. दर्शनाने पोळी बोटाने दाबली, बोट उजेडात धरून त्याची चकाकी बघितली आणि ताट सरकवून दिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, भीती होती. पोळीला भिणारं माणूस द्वारका आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. तिला रात्र रात्र झोप लागेना. पोर कुशीवर वळली तरी ती कानोसा घ्यायची.

त्याच आठवड्यात दर्शना कंपनीच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. तिच्याबरोबर काम करणारी पूर्वा नावाची मुलगी तिला गाडीत घालून घरी सोडून गेली. कोपऱ्यावरचे डॉक्टर दर्शनाच्या जन्मापासून घरच्यांना ओळखायचे. त्यांनी नाडी धरली ती बराच वेळ सोडलीच नाही.

"पाळी?"

दर्शनाने आईकडे बघितलं. "नाही आली."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

डॉक्टरांनी तिला बाहेर बसायला सांगितलं आणि द्वारकाकडे वळले. "रक्त कमी आहे, त्याच्या गोळ्या देतो. पण हे गोळ्यांनी भागणारं नाही. ठोके मंद पडलेत. अशा मुली हिंडत्या-फिरत्या असतात आणि एक दिवस..." त्यांनी गोळ्यांचा कागद पुढे ओढला. "कर्वेनगरला एक बाई आहेत, मनाच्या डॉक्टर. आजच्या आज नाही, पण लवकर घेऊन जा."

द्वारकाने हे घरी सांगितलं. उत्तरेश्वरने चष्मा काढून पुसला, परत घातला.

"येरवड्यात राहायचं आणि वर मनाच्या डॉक्टरकडे जायचं! जन्मभर लोकांनी पत्ता विचारला. येरवडा म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, तुरुंग का वेड्यांचं? मी म्हणायचो, दोन्हींच्या मधे, टपाल खात्यात. लोक हसायचे. आता काय सांगू?" त्याने चष्मा पुन्हा काढला. "माझ्या पोरीला वेड नाही लागलेलं."

"नाहीच लागलेलं. ती मरतेय," द्वारका म्हणाली.

तो उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. आणि दर्शनाने सांगून टाकलं की ती कुठल्याही डॉक्टरकडे येणार नाही, कारण तिला काहीही झालेलं नाही, तिने शील घेतलंय आणि ते ती मोडणार नाही. शील म्हटल्यावर या घरात पुढे कुणाची बोलायची छाती होती?

राहता राहिले विहारातले भंते. वर्षावासासाठी आलेले भंते तरुण होते, लातूरकडचे, बोलताना लाजायचे. द्वारकाने त्यांना एकटं गाठून सगळं सांगितलं आणि हात जोडले. "तिला ते सहावं शील देऊ नका. अवेळी न जेवण्याचं."

भंते अवघडले. "ताई, शील मी देत नाही. मागणाऱ्याने मागायचं असतं, मी फक्त म्हणून दाखवतो. नाही कसं म्हणू? पण प्रवचनात काही सांगून बघतो."

पुढच्या रविवारी त्यांनी सांगितलं. ज्ञान मिळण्याआधी सिद्धार्थाने अन्न सोडलं होतं ते सांगितलं. बरगड्या कशा वर आल्या, पोटाला हात लावला तर पाठीचा कणा कसा हाताला लागायचा, सगळं मन लावून सांगितलं. आणि मग, ही वाट चुकीची आहे हे सिद्धार्थाला कळलं, त्याने अन्न घेतलं, मधला मार्ग धरला, तेही सांगितलं. भंते चांगलं बोलले. द्वारकाने मान वळवून लेकीकडे बघितलं. दर्शना तल्लीन होऊन ऐकत होती. डोळे भरून आले होते.

परत येताना ती आपण होऊन बोलली. किती दिवसांनी बोलली.

"मम्मी, किती दिवस राहिले असतील गं ते तसे? नुसत्या एकेका तांदळावर?"

द्वारकाचे पाय जागच्या जागी थांबले. भर रस्त्यात तिने पोरीचे खांदे धरले. "तू पुढचं ऐकलंस का नाही? पुढचं? काय झालंय तुला? कोणासारखं व्हायचंय तुला?"

"कोणासारखंच नाही," दर्शना म्हणाली. मग जे इतके महिने दातांखाली दाबून धरलं होतं ते बाहेर पडलं. "तुझ्यासारखं व्हायचं नाहीये मला. बस. एवढंच."

फेब्रुवारीत कंपनीने घरच्यांना बोलावलं होतं. फॅमिली डे. द्वारका जांभळी साडी नेसून गेली होती, काचेची लिफ्ट बघून हरखली होती, जेवण वाखाणून गुलाबजाम दोनदा घेतले होते. तेव्हा पूर्वा हसत हसत दर्शनाच्या कानाशी म्हणाली होती, "आता कळलं, फिफ्टी फाइव्हला तू कशी दिसणार!" वाईट मनाने नव्हती म्हणाली. दर्शनाही हसली होती.

"तेव्हापासून आरशात बघितलं की मी दिसतच नाही," दर्शना म्हणाली. "तूच दिसतेस. इथे, आणि इथे." तिने आपल्या हनुवटीला आणि पोटाला बोट लावलं. पोटाला बोट लावलं तिथे कुर्त्याच्या आत काहीच नव्हतं.

द्वारकाला लागलं, फार लागलं. पोरीच्या काळजीतही आधी स्वतःसाठी लागलं. बहात्तरच्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती. आई खडी फोडायला जायची आणि ती सरकारी सुकडीचा कोरडा खाऊ घ्यायला रांगेत उभी राहायची. लग्नात लोक म्हणाले होते, काय काड्यांची मोळी केलीय उत्तरेश्वरने. मग पुणे, नोकरी, दोन वेळचं जेवण. अंगाला मांस धरू लागलं तेव्हा उत्तरेश्वर गावाकडच्यांना असं दाखवायचा जसं काही त्याने प्लॉट घेतलाय. खाल्लेलं अंगी लागतं बाई तुझ्या, असं म्हणायचे सगळे, आणि तिला वाटायचं, याहून मोठा आशीर्वाद नाही. त्या अंगाचीच तिच्या पोरीला किळस येत होती. तिच्या दुधावर वाढलेल्या पोरीला.

दुसऱ्या दिवशी द्वारकाला जेवावंसं वाटलं नाही. चहाही घेतला नाही. अंघोळीनंतर कपाटाच्या दाराच्या आरशात तिने स्वतःला पदराशिवाय बघितलं आणि पदर घाईने ओढून घेतला. दुपारपर्यंत भूक लागत राहिली, मग तीही थांबली. अंग हलकं झालं. डोक्यात कसं स्वच्छ, उजेड पडल्यासारखं वाटू लागलं. अंगणवाडीत खिचडीचं पातेलं आलं आणि पोरं थाळ्या घेऊन धावली. शितं सांडत, बोटं चाटत खाऊ लागली. द्वारका बाजूला उभी होती आणि तिच्या मनात आलं, किती हावरी आहेत ही. मला नाही लागत.

क्षणभर तिला अभिमान वाटला, अगदी स्पष्ट, गोड अभिमान. आणि पुढच्याच क्षणी ती इतकी घाबरली की तिने खांबाला हात टेकला. एका दिवसात हे असं वाटत असेल, तर पोर इतके महिने काय चवीने उपाशी राहत असेल! आणि वर सगळ्यांचं कौतुक. पहिलं कौतुक तर तिनेच वाटलं होतं, भाजीवालीपासून बार्शीपर्यंत.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होती. विहार भरला होता. या विहाराची बैठक ठरलेली: अष्टशील मागणारे पांढऱ्या कपड्यांत पुढे, पंचशील मागणारे मागे. दर्शना पहिल्या ओळीत बसली होती. पाठ ताठ, पांढऱ्या ओढणीखाली मानेचा मणी न् मणी वर आलेला. तिच्या शेजारी द्वारकाची जागा, वीस वर्षांची. सुशीलाबाईंनी सतरंजीवर हात फिरवून ती साफ केली. "या द्वारकाताई. मायलेकी शेजारी शेजारी शोभतात."

द्वारका बसली. भंतेंनी वंदना संपवली. आता आधी पुढच्यांनी हात जोडून आठ शीलं मागायची. द्वारकाने गुडघ्यावर हात टेकला आणि उठली. बसलेल्या बायकांच्या मधून वाट काढत, पांढऱ्या साडीतच, ती पार मागे गेली आणि शाळकरी पोरी बसल्या होत्या त्यांच्यात बसली.

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. "द्वारकाताई, जागा चुकली का?" सुशीलाबाई मोठ्याने म्हणाल्या. "आज तर मोठी पौर्णिमा."

"जागा बरोबर आहे," द्वारका म्हणाली. "मला आज संध्याकाळी जेवायचंय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, वयानं होतं असं. भंतेंनी एकदा मागच्या ओळीकडे बघितलं आणि डोळे मिटले. पुढच्यांनी आठ शीलं मागितली. त्यात दर्शनाचा आवाज द्वारकाला वेगळा ऐकू आला, बारीक, पण स्पष्ट. एकट्या तिनेच मागे वळून बघितलं नव्हतं. मग मागच्यांनी पाच मागितली, आणि द्वारकाने त्यांच्याबरोबर मागितली. तिचे कान शेकल्यासारखे गरम झाले होते.

घरी येताना दर्शना चार पावलं पुढे चालत होती.

संध्याकाळी शेजारच्या गच्चीवर पोरांनी कोजागिरीचं दूध आटवायला ठेवलं, त्याचा वेलचीचा वास खिडकीतून आत येत होता. द्वारकाने ज्वारीच्या भाकरी थापल्या, येसूर आमटी उकळली आणि जमिनीवर दोन ताटं मांडली. एक उत्तरेश्वरचं. दुसऱ्यावर ती स्वतः बसली. दर्शना पांढऱ्या कपड्यांतच पलंगावर गुडघे जवळ घेऊन बसली होती.

"मम्मी, खरंच जेवणार तू?"

"भूक लागलीय."

हा शब्द या घरात किती दिवसांत कुणी उच्चारला नव्हता. द्वारकाने भाकरी कुस्करली, वर आमटी ओतली आणि सगळ्या अंगाने ताटावर वाकून खाऊ लागली. पोरीची नजर तिला दंडावर, पोटावर, हलणाऱ्या हनुवटीवर जाणवत होती. पदर ओढून घ्यावासा वाटला. हात शिवशिवला, पण तिने तो भाकरीकडेच नेला.

उत्तरेश्वरने पहिला घास घेतला आणि थांबला. तोंड उघडणार तेवढ्यात द्वारकाने त्याच्याकडे बघितलं. संसाराच्या इतक्या वर्षांत ती अशी क्वचितच बघत असे. त्याने तोंड मिटलं, घास गिळला आणि मान खाली घालून मुकाट जेवू लागला.

"परवा मी दिवसभर जेवले नाही," द्वारका म्हणाली. ताटाकडे बघतच बोलत होती. "तू बोललीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मला छान वाटलं, दर्शना. हलकं वाटलं. अंगणवाडीतली पोरं खिचडी खात होती, त्यांची मला घाण आली. माझ्या पोरांची! मला भीती वाटते त्याची. उद्या मी कर्वेनगरला त्या बाईंकडे जाणार आहे. माझं दाखवायला. तुझे पप्पा काही सुट्टी टाकायचे नाहीत. तू येशील का सोबत?"

दर्शनाने गुडघे आणखी जवळ घेतले.

"टाकलीय सुट्टी," उत्तरेश्वर म्हणाला. तोही ताटाकडेच बघत होता.

त्याने दुसरी भाकरी मोडली. मग पलंग कुरकुरला. दर्शना उठून ओट्याशी आली. तिने एकदा बापाच्या ताटाकडे बघितलं, एकदा आईच्या.

"पप्पा, तुम्ही आज आमटीला काहीच कसं म्हणाला नाहीत?"

"चांगली आहे की."

"पौर्णिमेची?"

तो जेवत राहिला. त्याचा घास जरा जास्तच वेळ तोंडात घोळत होता. दर्शनाने पातेल्यावरचं झाकण काढलं. पळीने तळापासून ढवळलं. द्वारकाने वर बघितलं नाही. तिला फक्त पांढऱ्या कुर्त्याची किनार आणि पोरीच्या टाचा दिसत होत्या. त्या टाचा, गरज नसताना, किंचित वर उचलल्या गेल्या.

"मम्मी, मीठच नाहीये यात."

"नाहीये का?" द्वारका म्हणाली. "मला बाई कळत नाही. पौर्णिमेला चाखायची सवय नाही मला."

बरणीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. पळी परत फिरली. मग सगळं थांबलं. गच्चीवर पोरांनी कशावरून तरी एकच गिल्ला केला आणि तो विरून गेला, तरी ओट्याशी काही हललं नाही. द्वारकाने हातातला घास तसाच धरून ठेवला होता.

"अजून चिमूटभर लागेल," दर्शना म्हणाली, आणि तिने पुन्हा बरणीत हात घातला.